भरितातली वाम

माझं लग्न एका माशाने जवळजवळ मोडलं होतं, आणि तो मासा मी आजतागायत चाखलेला नाही.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला एका कचेरीत कारकून होतो. शनिवारी दुपारी कचेरी सुटली की एस.टी.ने गिरणाकाठच्या आमच्या गावी जायचं आणि रविवारी सकाळी नदीवर गळ टाकून बसायचं, हा माझा नेम. गळ टाकणारे पुष्कळ असतात. पण माझं वैशिष्ट्य असं की माझ्या गळाला चांगला मासा कधी लागलाच नाही! ज्या माशांना बघून भोई लोक तोंड वाकडं करायचे, ते सगळे मात्र माझा पत्ता विचारत यायचे. कुणाला अंगभर काटे, कुणाला मिशा, कुणाला चिखलाचा वास, तर कुणाला तिन्ही. आता धरलेला मासा टाकून द्यायचा म्हणजे चारचौघांत आपली फजिती कबूल करायची. म्हणून मी एक सिद्धांत काढला. जगात वाईट मासा नसतोच, वाईट असतो तो स्वयंपाकी! हा सिद्धांत मी कचेरीत इतक्या वेळा मांडला की चहाच्या सुट्टीत लोक माझ्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागले.

घरी तो अक्काला मुळीच मान्य नव्हता. अक्का म्हणजे माझी काकू. आईवडील लहानपणीच गेले, मला वाढवलं ते नाना आणि अक्का या काका-काकूंनी. एकदा मी आणलेल्या मिशाळ माशाचा काटा अक्काच्या अंगठ्यात घुसला आणि अंगठा आठ दिवस सुजून राहिला. त्या दिवसापासून माझी चूल गोठ्यामागे गेली. तीन दगड, एक जर्मनचं पातेलं आणि मी! ते पातेलं घरात आणायचं नाही आणि चूळ भरल्याशिवाय मी उंबरा ओलांडायचा नाही, असा कायदा झाला.

याचा परिणाम माझ्या लग्नावर होणारच होता. चार स्थळं पाहून झाली आणि चारही ठिकाणांहून नकार आला. कारण एकच, मुलाला माशाचा वास येतो! (एका ठिकाणाहून तर, मुलाच्या पत्रालाही वास येतो, असं कळवलं होतं.) पाचवं स्थळ सावद्याचं. मुलीचे वडील केळीचे बागाईतदार, सगळे त्यांना आबा म्हणत. मुलीचं नाव कुसुम. ती चहा घेऊन आली, मी कप उचलला, तो निसटला आणि सगळा चहा माझ्या नव्या पँटवर! घरभर ‘अरे अरे’ सुरू झालं. कुसुम मात्र पदराआड हसली आणि हळूच म्हणाली, “दुसरा आणते. हा पिऊन झालेला दिसतो.”

मी तिथेच खलास झालो. लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर जन्मभर गोठ्यामागे बसून मासे शिजवीन, असं ठरवूनच टाकलं.

अडचण एकच होती. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ. मासे-मटण सोडाच, त्यांना अंड्याचा उल्लेखही चालत नसे. नानांनी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, “आमना घरमा मासा शिजत नई.” आणि ते शंभर टक्के खरं होतं. घरात शिजतच नव्हता!

मुलगी पसंत झाली, आता आबा घर आणि शेत बघायला यायचे होते. सगळं मनासारखं वाटलं तर तिथेच सुपारी फोडायची, असं ठरलं. बरोबर त्यांची थोरली बहीण बनाबाई येणार होती. आबा बनाबाईला विचारल्याशिवाय पाणीही पीत नाहीत, अशी ख्याती होती. दिवस थंडीचे, वांगी मस्त झालेली, तेव्हा नानांनी शेतात भरिताचा बेत ठरवला. नानांचं भरीत म्हणजे काय सांगू! हिरवी थोराड वांगी, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, बडगी नावाच्या लाकडी उखळीत ठेचून घेतलेलं मिरची-लसणाचं झणझणीत प्रकरण आणि वर कांद्याची पात. गावात कुणाकडे कार्य निघालं की आधी नानांना बोलावणं जायचं.

शनिवारी रात्री मी घरी पोचलो, तेव्हा त्यांनी मला बजावलं, “सकाय नदीवर जावानं नई. समजनं का?”

“नाही जात.”

सकाळी मी नदीवर होतो. (नुसतं बघायला गेलो होतो. गळ बरोबर असणं हा सवयीचा भाग!) अर्ध्या तासात दोरी ताणली गेली आणि हातभर लांब, काळपट, वळवळणारी वस्तू बाहेर आली. मी घाबरून दोन पावलं मागे सरलो. आमचे गुलाबभाऊ भोई जवळच जाळं झटकत होते.

“वाम शे ती,” ते म्हणाले. “आठे कोनी खातस नई. फेकी द्या.”

“पण परगावी खातात म्हणे लोक!”

“परगावना लोक काय, काहीबी खातस. फेका, भाऊ. नदीमा नका फेकू, परत गळले लागी. त्या डबकामा फेका.” त्यांनी आपल्या मागच्या डबक्याकडे बोट दाखवलं. माझ्या नकोशा माशांना ते नेहमी तेच डबकं दाखवत.

पण त्या दिवशी माझा सिद्धांत उसळून आला. सुपारी फुटली, पाहुणे गेले की वाम वांग्यासारखी काड्यांच्या निखाऱ्यात भाजायची, कातडं सोलायचं आणि आत काय निघतं ते बघायचं! मी तिला ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि शेतात घेऊन आलो. तर समोर नाना! मला दुसरं काही सुचेना. विहिरीवरच्या इंजिनाचं पाणी जिथे पडायचं, त्या दगडी कुंडीच्या काठावर वांग्यांची पाटी ठेवलेली होती. मी गोणपाट पाटीत खुपसलं, वर आठ-दहा वांगी रचली आणि साळसूदपणे पाय धुवायला लागलो.

तेवढ्यात बैलगाडीतून पाहुणे आलेच. आबांनी मला बाभळीखाली बसवून घेतलं आणि सुरू झाले. नोकरी पक्की का, दारू-बिडी आहे का, एकादशी करतो का! (एकादशी तेवढी जमेल का, असा माझा मनात हिशोब चालू.) बनाबाई नुसत्या माझ्याकडे बघत होत्या आणि अधूनमधून नाक ओढत होत्या. मी बसल्या जागी वाऱ्याची दिशा बघून सरकून घेतलं. या गडबडीत अर्धा तास गेला आणि एकदम नानांचा आवाज आला, “चला, वांगा पडनात जायमा!”

मी धावत गेलो. पाटी पालथी! गोणपाट एका बाजूला मोकळं पडलेलं! आणि समोर काड्यांचा डोंब उसळलेला. नानांनी पाटीच्या पाटी आगीत रिकामी केली होती.

“नाना, पाटीत आणखी काही होतं का?”

“वांगा व्हतात. आखो काय राही?”

मी काठी घेऊन निखारे उकरायला लागलो. भाजलेलं वांगं काळं दिसतं, तडकतं, लांबुळकं होतं. भाजलेली वामही, माझ्या सिद्धांतानुसार, तशीच दिसायला हवी. मला प्रत्येक वांगं संशयित वाटू लागलं! “उकरू नको रे, वांगा फुटतीन!” म्हणून नानांनी काठी हिसकावून घेतली. मग अक्काने भराभर सोललं, नानांनी बडगीत घालून बदाबद ठेचलं आणि पाच मिनिटांत सगळ्या वस्तूंचा एकच गोळा झाला.

पानं मांडली. कळण्याची भाकरी, भरीत, मुळा, दही. आबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

“नाना!” ते म्हणाले. “असं भरीत मी माह्या जल्मात खाल्लं नाही!”

नानांची छाती इंचभर फुगली. आबांनी दुसऱ्यांदा घेतलं. बनाबाईंनी दुसऱ्यांदा घेतलं. आबांनी तिसऱ्यांदा घेतलं! मी भाकरीचा तुकडा दह्यात बुडवून नुसता फिरवत होतो. त्या घासाघासाला हलणाऱ्या तुळशीच्या माळेवरून माझी नजर हटत नव्हती. मला घाम फुटला. डिसेंबरमध्ये! गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. कुसुम मिळाली असती. पण मग आयुष्यभर त्या माणसाला आबा म्हणायचं आणि त्यांच्या माळेकडे बघायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

जेवणं आटोपत आली. आबांनी बनाबाईंकडे पाहिलं. बनाबाईंनी मान हलवली. आबांनी पिशवीतून सुपारी आणि अडकित्ता काढला आणि मला म्हणाले, “जवाईबापू, पुढे या.”

मी पुढे गेलो आणि हात जोडून उभा राहिलो.

“आबा, सुपारी फोडू नका. त्या भरितात वाम आहे.”

“काय हाय?”

“वाम. मासा. सापासारखा दिसतो तो. मीच पाटीत लपवला होता. चुकून भाजला गेला, ठेचला गेला आणि तुम्ही तीनदा घेतला.”

आबांच्या हातातून अडकित्ता पडला. त्यांनी एक हात माळेवर आणि दुसरा तोंडावर ठेवला. “इठ्ठला! इठ्ठला!” म्हणत ते उठले. बनाबाई म्हणाल्या, “तरीच म्हनलं, चव एवढी न्यारी कायले लागे!”

हे ऐकून नाना पेटले! मासा पोटात गेला याचं नव्हे, तर चवीचं श्रेय माशाला गेलं याचं!

“न्यारी चव मासानी? चाळीस वरीस व्हयनात माले भरीत करता करता! ती चव मनी शे! मासानी नई!”

“माह्या भावाचा धरम बुडाला, अन् तुमचं हे काय चाललं?”

“धरम बुडना व्हई, पन भरीतले नाव ठेवू नका!”

अक्का कपाळाला हात लावून मटकन खाली बसली होती. तिकडे आबा चूळ भरायला कुंडीपाशी पोचले. वाकून दोन्ही हात पाण्यात घातले आणि अशी आरोळी ठोकली की बाभळीवरची पाखरं उडाली.

“साप! साप!”

मी धावलो. कुंडीच्या तळाशी, आबांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, हातभर लांब, काळपट, वळवळणारी वस्तू! मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. लोक काठ्या शोधत होते, मी कपड्यांसकट कुंडीत उतरलो! दोनदा ती निसटली, तिसऱ्यांदा मी तिला शर्टात गुंडाळून छातीशी धरलं आणि आबांसमोर नाचायला लागलो.

“साप नाही, आबा! वाम आहे! हीच ती! जिवंत आहे! तुम्ही खाल्लेलीच नाही!”

आबा मागे सरकत होते आणि मी तिला त्यांच्या नाकासमोर धरत होतो, नीट ओळख पटावी म्हणून! गोणपाटातून ती केव्हाच सुटून काठावरून पाण्यात गेली होती. भरितात वांग्याखेरीज काही नव्हतं. नाना कंबरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकवत होते, “आते सांगा! चव कोनी व्हती?”

आबांनी हात पुसले. वामेकडे नव्हे, माझ्याकडे पाहिलं. ओलाचिंब, चिखलाने भरलेला, शर्टात मासा धरून हसणारा कारकून! “नाना, गाडी जुंपायला सांगा,” ते म्हणाले. “माळकऱ्याची पोर असल्या घरात कशी द्यायची?”

माझं हसू ओठांवरच मेलं.

तेव्हा बनाबाई उठल्या. त्यांनी खाली पडलेला अडकित्ता उचलला, पदराने पुसला. “आबा, बस खाली,” त्या म्हणाल्या. “पोरगं येडं हाय, ते तर दिसतंच. पन मासा नव्हता तरी कबूल झालं! असला मानूस बायकोपासून काय लपवीन? लपवलंच तर त्याले पचनार हाय का?” आणि आबांना बोलायची संधी न देता त्यांनी कडकन सुपारी फोडली. अट एकच घातली. गळ आजपासून बंद!

मी तिथल्या तिथे शपथ घेतली. ओल्या शर्टासकट वाम गुलाबभाऊंच्या डबक्याकडे रवाना केली.

पुढच्या रविवारी गुलाबभाऊ शर्ट परत द्यायला आले. धुतलेला होता, तरी वास होताच.

“वाम सोडली ना डबक्यात?” मी विचारलं.

“खादी ना! भलती गोड लागनी, भाऊ! लोनी!”

“अहो, पण तुम्हीच म्हणायचात ना, इथे कोणी खात नाही म्हणून? आजवर मी डबक्यात टाकलेले सगळे मासे…”

“बठ्ठा खादात,” गुलाबभाऊ शांतपणे म्हणाले. “कोनी खातस नई म्हनीसन तं माले भेटस!”

म्हणजे माझा सिद्धांत बरोबर होता, फक्त तो दुसऱ्याच्या पोटात सिद्ध होत होता! हा किस्सा लग्नानंतर मी कुसुमला फार चिडून सांगितला. तिने पोळी लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं.

“त्यात काय चुकलं त्यांचं?” ती म्हणाली. “सावद्याला माझ्या मैत्रिणीही म्हणत होत्या, चार ठिकाणी नाकारलेला मुलगा, त्यात माशाचा वास, सोडून दे. मी म्हटलं, कोणी घेत नाही म्हणून तर मला मिळतोय!”

याला आता इतकी वर्षं झाली. चव कशी निघाली, हे तिला विचारायचं धाडस मात्र मला अजून झालेलं नाही.