श्वासावर दाबलेलं बटण

माझी थोरली बहीण गेली त्याला पाच आठवडे झाले होते, आणि भावोजींना चाचणीत बंदुकीने पंचवीसपैकी अठरा चकत्या फोडायच्या होत्या. नाहीतर शिकवण्याचा परवाना रद्द. परवाना गेला की नेमबाजीचं मैदान सुटणार, आणि त्या माणसाला दुसरं काही येत नाही. चहा ठेवला तरी उतू घालवतात.

यंत्रातून मातीची काळी चकती सुटते, ती हवेत असतानाच फोडायची. तीस वर्षं ते हेच शिकवतायत. ‘नळीकडे नाही, चकतीकडे बघा. चाप ओढला तरी बंदूक थांबवू नका, फिरू द्या,’ हे पालुपद मला पाठ आहे. आणि सरावाला उभे राहिले तर स्वतःच थांबवत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पहिल्या दिवशी नऊ फुटल्या.

बटणावर मी होते. आधी ताई असायची, परवान्याच्या दर चाचणीलासुद्धा. नेमबाज ‘हां’ म्हणाला की बटण दाबायचं, चकती सुटते, एवढंच काम.

‘उशिरा दाबतेस तू,’ भावोजी म्हणाले.

‘हाक ऐकूनच दाबते. माझे कान काही गहाण पडलेले नाहीत.’

एरवी त्यांनी मला चार शब्द सुनावले असते. आता नुसती बंदूक मधून उघडून रिकामी काडतुसं काढली. मीही तशीच झाले होते. ताईचं कपाट आवरलं, तिचे कपडे देऊन टाकले, पण डोळ्यांत टिपूस नाही. काही वाटतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी चकतीकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. आधी श्वास सुटायचा, खांदा जरासा खाली यायचा, मग ‘हां’. आणि ‘हां’सरशी बंदूक फिरायला लागायची, चकतीचा पत्ता नसताना. मग तिच्यासाठी थांबायची. तेवढ्यात चकती पुढे निघून जायची आणि छर्रे मागे राहायचे.

तेव्हा मला ताईचा अंगठा आठवला. ती हाकेसाठी थांबतच नव्हती. श्वास सुटला की दाबायची. भावोजी ‘हां’ म्हणायचे तेव्हा चकती निघालेली असायची. तीस वर्षं यांना कळलं नाही. तिला तरी कळत होतं की नाही, कोण जाणे.

मी सांगितलं. त्यांनी बंदूक खाली घेतली.

‘म्हणजे मला येतच नव्हतं.’

‘येत होतं. दोघांना मिळून येत होतं.’

‘मग तूही तसंच दाब.’

‘नवीन नियम आहे ना, चाचणीला घरच्या माणसाने दाबायचं नाही. त्यांचा माणूस बसणार बटणावर. त्याला तुमच्या श्वासाचं काय पडलंय?’

पुढचे दहा दिवस मी मुद्दाम वाकड्यात शिरले. कधी लगेच दाबलं, कधी रेंगाळून. चकती दिसायच्या आत नळी हलली तर दाबायचंच नाही. ते चिडायचे, मी ढिम्म. हळूहळू बंदूक चकती दिसल्यावरच हलायला लागली. बारा फुटल्या, मग चौदा, मग सतरा.

चाचणीला एकोणीस फुटल्या. अधिकाऱ्याने सही केली, हात मिळवला. भावोजी ‘बरं’ म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता, तोही झाला नाही.

मंडळी गेल्यावर त्यांनी एकच काडतूस भरलं.

‘धाकटे, एकदा तिच्यासारखं दाब.’

मी खांदा बघितला. श्वास सुटला, दाबलं. चकती निघाली, त्यावर ‘हां’ आलं. पण बंदूक आता ‘हां’नंतर चकतीची वाट बघायला शिकली होती. ती उशिराच फिरली. चकती पलीकडच्या गवतात जाऊन पडली, अख्खी.

‘पुन्हा दाबू?’

‘नको. आता तसं जमायचं नाही मला.’

त्यांनी बंदूक उघडून ठेवली आणि गवतात गेले. चकती शोधून आणली, शर्टाला पुसली, बाकावर बसले आणि रडायला लागले. ताईचं जे त्यांच्या अंगात उरलं होतं, ते मीच दहा दिवसांत काढून टाकलं होतं. मी शेजारी बसले. मग मलाही रडू आलं.