दुसऱ्यांदा हात फिरवायचा नाही

आमच्या आत्यानं कातरलेली मेंढी लांबून ओळखू यायची. अंगावर कुठे पायरी नाही, खाच नाही. घासलेल्या भांड्यासारखी लख्ख. "न्हाव्याकडे पाठवली होती काय?" असं पलीकडच्या वस्तीवरचे मेंढपाळ विचारायचे. आत्या फडक्याला हात पुसत म्हणायची, "न्हाव्यासमोर तरी गिऱ्हाईक गप्प बसतं."

कातर तिनं माझ्या आजोबांकडून उचलली. नवरा लवकर गेला, ती भावाकडे म्हणजे आमच्याकडे राहायला आली, आणि हळूहळू सगळ्या वस्तीच्या मेंढ्या तिच्या हाताखाली आल्या. पाणी कुठे आहे, कळप कुठे न्यायचा, असल्या बैठकीत विधवा बहिणीला कोण विचारतो? पण कातरणारीला विचारायचे. म्हणून मेंढ्या जाणार ही चर्चा सुरू झाली तेव्हा सगळ्यात आधी धास्तावली ती आत्याच.

आमची लोकर जाडीभरडी. व्यापाऱ्यांनी ती घेणं बंद केलं. छपरात पोत्यांची थप्पी लागली आणि उंदरांनी त्यात संसार थाटले. एकदा जेवताना बाबा म्हणाले, "मेंढ्या काढून टाकू. शेळ्या घेऊ. दूध आहे, शिवाय कातरायची भानगड नाही."

"भानगड म्हणजे मीच की," आत्या म्हणाली. कोणी हसलं नाही.

त्याच सुमारास बाजाराच्या गावात लोकर केंद्र उघडलं. तिथे जाड लोकरीचं सूत काढून सतरंज्या आणि जाजमं विणणार होते. अट एकच होती. लोकर यंत्रानं आणि शिकलेल्या माणसानं कातरलेली हवी. शिकवायची सोय केंद्रातच होती. वस्तीतली तरुण मंडळी ट्रक चालवायला गेलेली, मला कातर धरता येत नव्हती. राहिली आत्या.

"या वयात शिकायला जाणार?" बाबांनी विचारलं.

"शिकायला कशाला? मला येतंच. यंत्र कसं धरतात तेवढं बघून येते."

मी तिला मोटरसायकलवरून सोडायला जायचो, त्यामुळे पुढचं सगळं समोर घडलेलं आहे.

केंद्राच्या मागच्या पत्र्याच्या छपरात वर्ग भरायचा. आढ्याला टांगलेली मोटर, तिच्यातून खाली आलेला लवचीक दांडा, टोकाला लोकर कातरणारी दातेरी फणी. शिकवणारी मास्तरीण आत्याची मुलगी शोभेल एवढ्या वयाची होती आणि स्वतः मेंढपाळाच्या घरातली. आत्या तिला "पोरी" म्हणायची, ती आत्याला "आत्या"च. पहिला धक्का म्हणजे मेंढीचे पाय बांधायचे नाहीत. तिला ढुंगणावर बसवायचं, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची, की ती मुकाट्यानं बसते. "आयुष्यभर दोऱ्या वळल्या त्या उगाच," आत्या पुटपुटली. पण तिला ते चटकन जमलं. फणी कातडीवर सपाट ठेवणं जमलं, डाव्या हातानं कातडी ताणणं तर आधीपासून येतच होतं. यंत्र तापलं की थांबून तेल घालायचीही सवय लागली.

परीक्षेच्या दिवशी तिनं कातरलेली मेंढी बघून बाकीचे शिकणारे बघत राहिले. काय ती गुळगुळीत पाठ! मास्तरणीनं मात्र मेंढीकडे पाहिलंच नाही. तिनं लोकरीचं सगळं पांघरूण उचलून एका टेबलावर टाकलं. त्या टेबलाच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी होत्या. तिनं लोकर झटकली आणि खाली जमिनीवर आखूड केसांचा सडा पडला.

"आत्या, मेंढी पास. तुम्ही नापास."

"का गं? एक पायरी दाखव तिच्या अंगावर!"

"पायरी नाही, म्हणूनच. तुम्ही एकदा कातरता आणि मग नीट दिसावं म्हणून वरून पुन्हा हात फिरवता. त्या दुसऱ्या हातानं हे तुकडे पडतात. सुतात गेले की गाठी होतात, धागा तुटतो. आम्हाला लोकर लांब हवी. मेंढी कशी दिसते याच्याशी काय करायचंय?"

"मेंढी आमची असते ना बाई. चारचौघांत हिंडते ती."

परत येताना घराच्या अलीकडे आत्या मागच्या सीटवरून म्हणाली, "बापानं जे मारून मारून शिकवलं, ते ही म्हणते टाकून दे."

तरी दुसऱ्या दिवशी ती तयार होऊन मोटरसायकलजवळ उभी होती. खरा त्रास आता सुरू झाला. मनाला पटलं होतं, हाताला पटत नव्हतं. उंचवटा दिसला की फणी आपसूक मागे वळायची. मास्तरीण ओरडायची, "आत्याऽ!" आणि आत्या ओरडायची, "मी नाही, हात गेला!" शेवटी मास्तरणीनं सांगितलं, की मेंढीकडे बघूच नका, फणीवरून घडी पडत जाणाऱ्या लोकरीकडे बघा. हळूहळू ते बसलं. ती पास झाली.

पण ते केंद्रात. वस्तीवर केंद्राची गाडी यंत्र, फटींचं टेबल आणि मास्तरणीला घेऊन आली तेव्हा सगळे जमले होते. लोकर नापसंत झाली तर शेळ्या, हे बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं. पहिली मेंढी आमचीच. आत्यानं ती कातरून सोडली आणि माझ्या आईनं कपाळाला हात लावला. "अहो वन्सं, हे काय? उंदरांनी कुरतडलीय की काय?"

मेंढीच्या पाठीवर नांगरलेल्या रानासारख्या ओळी उठल्या होत्या. शेजारचे आजोबा तर म्हणाले, "माझ्या मेंढ्यांना हात लावू नकोस बाई. म्हातारपणी हात गेला तुझा."

आयुष्यात तिच्या कामाला कोणी असं बोललं नव्हतं. दुसरी मेंढी कातरताना फणी पाठीवरून परत मागे यायला लागली. आत्यानं खटका दाबून यंत्रच बंद केलं. जरा थांबली. मग चालू केलं आणि ओळी तशाच ठेवून पुढे गेली.

मास्तरणीनं दोन्ही पांघरुणं त्या फटींच्या टेबलावर झटकली. खाली चिमूटभर केस पडले. तिनं गाडीवाल्याला हाक मारली, "पोती काढा, ही सगळी घ्यायची."

आजोबा वाकून टेबलाखाली बघून आले. उठताना म्हणाले, "लोकर चांगली निघाली म्हणतात. पण दिसतंय ध्यान!"

"महिन्याभरात भरून येईल," आत्या म्हणाली. "तोवर तुम्हीही तिकडे बघू नका."

बाबा मेंढवाड्यात गेले, तिसरी मेंढी पुढच्या पायांना धरून ओढत आणली आणि आत्याच्या गुडघ्यांशी बसवून दिली. बांधायला दोरी मात्र त्यांनी सवयीनं आणलीच होती.

"ती राहू दे, दादा," आत्या म्हणाली आणि यंत्र चालू केलं.