हर्णैहून प्रवरासंगमाला : तीन टोल्यांचा साक्षीदार आणायला

घाट चढून देशावर जायची मला कधी हौस नव्हती. मी हर्णैची मास्तरीण. ताटात मासा नसला की मला उपास घडल्यासारखं वाटतं, आणि नगरकडे कोरडी हवा नि बाजरीची भाकरी याखेरीज काही नाही असं मी ऐकून होते. पण शिमग्याच्या आधी मुंबईहून वकिलांचं पत्र आलं, की चौकशीची शेवटची तारीख आठ दिवसांवर आली आहे, साक्षीदार मिळाला तर आत्ताच मिळायला हवा. त्याच दुपारी मी हेडमास्तरांकडे रजेचा अर्ज ठेवला. ते कुरकुरले. मी म्हटलं, रजा द्या नाहीतर राजीनामा घ्या. त्यांनी रजा दिली.

प्रकरण काय ते आधी सांगते. माझा धाकटा भाऊ रघुनाथ किनाऱ्यानं जाणाऱ्या उतारूंच्या बोटीवर खलाशी होता. त्याचं काम पहाऱ्याचं. नाळेवर, म्हणजे बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, उभं राहायचं आणि समोर काही दिसलं किंवा ऐकू आलं तर घंटा वाजवून वर ब्रिजवरच्या, म्हणजे बोट चालवायच्या माडीवरच्या, साहेबांना कळवायचं. उजवीकडे असेल तर एक टोला, डावीकडे असेल तर दोन, नाकासमोर असेल तर तीन. त्या थंडीत एका पहाटे दाट धुकं पडलं आणि रघूची बोट समोरून येणाऱ्या मालाच्या बोटीवर आदळून बुडाली. बुडायला वेळ लागला म्हणून बहुतेक उतारू वाचले. काही माणसं गेली.

धुक्यात बोटीनं वेग कमी करायचा, दर दोन मिनिटांनी भोंगा द्यायचा, आणि समोरून दुसरा भोंगा ऐकू आला की इंजिन बंद करायचं, असा नियम आहे. कप्तानानं चौकशीत सांगितलं, की पहारेकरी झोपला होता, घंटा वाजलीच नाही, आणि आम्ही स्वतः भोंगा ऐकला त्या क्षणी इंजिन थांबवलं. रघू म्हणत होता, मी भोंगा ऐकताच तीन टोले दिले, तरी बोट तशीच धावत राहिली, कारण आदल्या बंदरात झालेला उशीर त्यांना भरून काढायचा होता. इंजिनखोलीतली नोंदवही बोटीबरोबर तळाला गेली होती आणि खाली काम करणारे आगवाले नोकरीच्या भीतीनं तोंड उघडत नव्हते. रघूवर दोष आला असता तर त्याचं खलाशाचं पुस्तक कायमचं रद्द झालं असतं. त्याहून वाईट म्हणजे गेलेली माणसं त्याच्या माथी बसली असती. बंदरावर तो आला की लोकांच्या गप्पा आत्ताच थांबायला लागल्या होत्या.

त्याला एकच माणूस आठवत होता. टोले देताना त्यानं मागे वळून पाहिलं, तेव्हा दहा-बारा हातांवर घोंगडी अंथरून एक उतारू नमाज पढत होता. पुढे बचावाच्या होडीत तोच शेजारी बसला. नाव गुलाबभाई, जातीचा पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायला कोकणात आलेला, गाव नेवासा. वकिलांनी पत्रं घातली होती, पण उत्तर नव्हतं. तेव्हा जाऊनच आणायचं ठरलं.

हर्णैहून मुंबई आम्ही बोटीनंच गाठली. रघू सबंध प्रवासात नाळेकडे पाठ करून बसला होता. पुण्यापर्यंत रेल्वे, आणि पुण्याहून नगरला ती नव्यानं सुरू झालेली सरकारी मोटार. तुम्ही जाणार असाल तर हीच गाडी धरा. ती वेळेवर सुटते, खाकी कपड्यातला कंडक्टर प्रत्येकाला तिकीट देतो आणि टपावर माणसं बसवत नाहीत. खिडकी मात्र डावीकडची घ्या, दुपारचं ऊन उजवीकडून भाजून काढतं. शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. जमीन सपाट, झाडं लांब लांब, आणि आभाळ इतकं मोठं की मला एकदम समुद्राची आठवण झाली. हे मी रघूला सांगितलं नाही.

सुप्याला एक पागोटेवाला शेतकरी शेजारी येऊन बसला. आम्ही कोण, कुठले, कशाला निघालो, हे सगळं त्यानं नगर यायच्या आत काढून घेतलं. समुद्राचं पाणी खारट असतं तर बोटीवरची माणसं पितात काय, ही त्याची पहिली शंका. मग त्यानं मुद्द्याला हात घातला.

"येवढ्या पान्यात दोन बोटींना वाट पुरंना व्हय?"

मी त्याला शिक्षिकेच्या थाटात समजावलं, की धुक्यात दिसत नाही आणि आवाजही फसवतो, जवळचा लांब वाटतो, डावीकडचा उजवीकडे वाटतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग हाकीत कशाला हुते? आमी धुकं पडलं की गाडी हुबी करतो. बैलालाबी कळतंय ते."

दोन महिने चाललेल्या चौकशीत एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं. रघू कित्येक दिवसांनी हसला.

नगरला स्टँडजवळच्या धर्मशाळेत उतरलो. जागा स्वच्छ, पण पाणी स्वतः शेंदावं लागतं. शेजारच्या खाणावळीत भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. मासा विचारल्यावर मालकानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. खरं सांगायचं तर तिसरी भाकरी मी मागून घेतली. सकाळी नेवाशाकडे जाणारी खाजगी मोटार पकडली. हिचा भरवसा धरू नका, पोतं भरल्यासारखी माणसं भरली की मगच ती हलते. इमामपूरच्या घाटात सगळ्यांनी उतरून चालायचं, कारण भरलेली मोटार चढत नाही. घोडेगावला चहा चांगला मिळतो. फाट्यावर उतरून पुढे नेवाशापर्यंत बैलगाडीनं गेलो.

नेवाशात गुलाबभाईंचं घर सापडायला वेळ लागला नाही, पण ते घरी नव्हते. त्यांच्या बायकोनं, जैतूनबींनी, आम्हाला ओट्यावर बसवून गूळपाणी दिलं. वकिलांची पत्रं कोनाड्यात न फोडता ठेवलेली होती. पिंजारी प्रवरासंगमाला गाद्या भरायला गेलेत असं कळलं. बोट बुडाल्यापासून नवरा धड बोलत नाही, असंही त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"त्यास्नी नेताय तर न्या बाई. पर बोलतं करून आना."

प्रवरासंगमाला प्रवरा गोदावरीला मिळते. काठावर दगडी घाट आहेत, देवळं आहेत, आणि पलीकडे गेल्या वर्षापर्यंत निजामाचं राज्य होतं. कुणी यात्रेकरू म्हणून गेलात तर नदीत पाय सोडून निवांत तासभर बसा. आम्हाला तो वेळ नव्हता. धनुष्यासारख्या पिंजणीच्या तारेचा टणटण आवाज एका पडवीतून येत होता आणि आम्ही त्या आवाजामागे गेलो. कापसाच्या ढिगात एक बारीक, पांढऱ्या दाढीचा माणूस बसला होता. रघूला पाहताच त्यांची तार थांबली.

मी वकिलीच सुरू केली. तारीख, गाडीच्या वेळा, जाण्यायेण्याचा खर्च आमचा, सगळं एका दमात सांगितलं. गुलाबभाई मान खाली घालून कापूस चिवडत राहिले. येणार नाही, एवढंच म्हणाले. मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही घंटा ऐकलीत की नाही, तेवढं तरी सांगा.

"ऐकली. तीन टोले. तिथंच सगळं आडलंय, बाई."

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाला ते नुकते उभे राहिले होते. लांबून भोंगा आला आणि लगेच पुढून घंटा. काहीतरी वाईट आहे हे त्यांना कळलं. दोन रकात, म्हणजे नमाजाच्या दोन फेऱ्या, पढायच्या होत्या. दर रकातीला दोनदा कपाळ जमिनीला लागतं, आणि दर वेळी खालच्या फळीतून इंजिनाची धडधड त्यांच्या कपाळाला जाणवत होती. आयुष्यभर तार छेडून पिंजणाऱ्या माणसाला कंप कळतो. धडधड जराही कमी झाली नव्हती. चौथ्यांदा कपाळ टेकलं आणि बोट आदळली. शेजारी एक म्हातारी झोपली होती. ती नंतर कुणाला दिसली नाही.

"जीव वाचवायला नमाज मोडता येती. मला ठावं हुतं. मी न्हाई मोडली. आता साहेबापुढं हुबा ऱ्हाऊन काय सांगू, का ऐकलं आन् तसाच ऱ्हायलो?"

मी गाडीच्या वेळांचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. दोन महिने घरात शब्द न बोलणारा रघू कापसात त्यांच्यासमोर जाऊन बसला.

"चाचा, ती घंटा तुमच्यासाठी नव्हती. ब्रिजवरच्यांसाठी होती. तुम्ही उठून ओरडला असतात तरी इंजिन बंद करायची दांडी त्यांच्याच हातात होती."

गुलाबभाईंनी हातातला कापूस बाजूला ठेवला. मग म्हणाले, तीन टोले दिलेस ना रं तू. रघू म्हणाला, व्हय. त्याला देशावरचं बोलणं दोन दिवसांत लागलं होतं. गुलाबभाईंनी पिंजणीची तार सैल केली, पिंजणी भिंतीला टेकवली आणि घरमालकाला आत हाक मारून सांगितलं, की उरलेल्या दोन गाद्या मुंबईहून आल्यावर भरतो.

परतीच्या वाटेवर नेवाशाला थांबलो. जैतूनबींनी भाकऱ्या बांधून दिल्या. नवरा आपणहून बोलतोय हे पाहून त्या दाराआड जाऊन रडल्या. मीही रडले, ते लपवत नाही.

चौकशी मुंबईत सरकारी कचेरीच्या एका दालनात होती. गुलाबभाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, म्हातारीचंही. बोट कंपनीचा वकील उठला आणि हसतच म्हणाला, की घंटा आणि टक्कर यांच्यात किती वेळ गेला हे या माणसाला कसं ठाऊक, याच्याकडे घड्याळ होतं का? दोन रकात म्हणजे अर्धं मिनिटही असू शकेल. चौकशीच्या अध्यक्षांनी गुलाबभाईंना विचारलं, पढून दाखवाल का?

"दाखवायला नमाज नसती, साहेब." दालनात चुळबुळ झाली. आमच्या वकिलांनी डोळे मिटले. गुलाबभाई खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहून पुढे म्हणाले, "पर आता जोहरची, दुपारच्या नमाजाची येळ झालीया. मी माझी पढतो. तुमी तुमचं घड्याळ बघा. दोन रकाती झाल्या की मी बसंन, तितं धरा. फजरची याच्याहून लांब आसती."

त्यांनी पश्चिम कुठली ते शिपायाला विचारून घेतलं, हातपाय धुऊन आले आणि कोपऱ्यात घोंगडी अंथरली. अध्यक्षांनी खिशातलं घड्याळ काढून मेजावर ठेवलं. पहिल्यांदा कपाळ टेकलं, दुसऱ्यांदा, मग उभे राहिले. कंपनीचा वकील कागद चाळायचा थांबला. ते बसले तेव्हा तीन मिनिटं उलटून गेली होती. अध्यक्षांनी कप्तानाकडे वळून एकच प्रश्न विचारला, की पुऱ्या वेगानं तुमची बोट तीन मिनिटांत किती जाते? कप्तानानं मेजावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, अर्धा मैल.

त्यानंतर मागच्या बाकावरून एक आगवाला उठला. इंजिन थांबवायचा हुकूम खाली आला तो टकरीनंतर, हे तो सगळ्यांसमोर बोलला. मग दुसरा उठला. गुलाबभाई आपली नमाज पुरी करत होते, त्यांना यातलं काही दिसलं नाही.

निकाल लागेपर्यंत गुलाबभाई आमच्याबरोबर मुंबईतच थांबले. निकालात टकरीचं कारण म्हणून लिहिलं गेलं, की धुक्यात वेग कमी केला नाही आणि समोरचा भोंगा ऐकूनही इंजिन थांबवलं नाही. पहारेकऱ्यानं आपलं काम चोख केलं, असंही वेगळं वाक्य होतं. इंग्रजीतलं ते वाक्य मी रघूला जिन्यावरच मराठीत वाचून दाखवलं. त्यानं ते गुलाबभाईंना सांगितलं. दोघं हातात हात घालून रस्त्यापर्यंत गेले आणि मी मागून पिशव्या उचलत चालले, पण त्या दिवशी मला कशाचंच ओझं वाटलं नाही.

आता मी हर्णैला घरी बसून हे लिहिते आहे. देशावर जा म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. भाकरीची मला चटक लागली, पण माझ्या हातची भाकरी काही तव्यावर फुगत नाही. गुलाबभाईंना मी पत्र पाठवते आणि गावचे मास्तर ते त्यांना वाचून दाखवतात. आता पत्रं फोडली जातात.

रघूला नव्या बोटीवर काम मिळालं. ती पहिल्यांदा हर्णैला लागली त्या दिवशी मला बंदरावर जाता आलं नाही, कारण शाळेत तपासणीला साहेब आले होते. मी फळ्यावर गणित मांडत असताना बोटीचा भोंगा वाजला. मी खडू खाली ठेवला. पोरांच्या माना खिडकीकडे वळल्या. साहेबांनी विचारलं, बाई, गणित का थांबवलंत?

मी म्हटलं, "त्या बोटीच्या नाळेवर माझा भाऊ आहे."