हळू बोला, उंदीर ऐकतोय!

उंदरांवर काम केलेल्या माणसाने लग्नाच्या जेवणात आपलं काम सांगू नये. सांगितलं की शेजारचे पाहुणे खुर्चीवर पाय वर घेऊन बसतात! त्यामुळे आमचे किस्से बाहेर जात नाहीत, आपापसातच साठत राहतात. सलीम पुण्याहून फोन करतो, "विद्या, ती धुतलेली फरशी आठवते का गं?" एवढंच विचारतो, आणि पुढचा तासभर दोघांच्याही हातून काम होत नाही.

आम्ही तिघं होतो. सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या कांबळे मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी, सलीम आणि मी. मूळचा इथला नसलेला, मालट्रकांतून शहरात उतरलेला मोठा तपकिरी उंदीर पुढे कुठल्या गल्लीत शिरेल, ते आधीच सांगायचं, हे आमचं काम. घरोघर चौकशी करायची, काजळी फासलेल्या फरश्या ठेवून त्यावर उमटलेली पावलं बघायची आणि नकाशावर गल्ल्या रंगवायच्या. लाल म्हणजे येणार, पिवळी म्हणजे कदाचित, हिरवी म्हणजे निवांत.

*

पहिल्याच घरात अडलो. मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे उंदीर आहेत का?"

मावशींनी झटकन तोंडावर बोट ठेवलं. "आवं, हळू! त्येला समजतंय. पिंजऱ्याचं नाव काढलं की नवं लुगडं कुरतडतोय!"

मॅडम पक्क्या विज्ञानवाल्या. "मावशी, उंदराला मराठी कळतं होय?"

"न कळाय काय झालं? आमच्याच घरात वाडलाय न्हवं!"

"पण हा नवा उंदीर बाहेरून आलाय."

मावशींनी आवाज आणखी खाली आणला. "मग तर लय जपून! नवा पाव्हणा सगळं ध्यान दिऊन ऐकतोय."

पुढे कितीतरी घरांत आम्ही हाच सर्व्हे खाणाखुणांनी केला. बाहेर पडलं की मॅडम करवादायच्या, "एकविसाव्या शतकात आहोत आपण!"

*

एका घरी संध्याकाळी काजळीची फरशी ठेवली. सकाळी जाऊन बघतो तर फरशी लख्ख! घासून, पुसून, कट्ट्यावर वाळत घातलेली. वर काकूंनीच आम्हाला झापलं, "किती काळी ठेवलीसा वो! कॉलेजात फडकं मिळत न्हाई का?"

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. सलीम गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, उंदराचं सांगता येत नाही, पण काकू लय कष्टाळू हाईत."

*

नकाशाची बातमी फुटली तशी लोकांची ये-जा सुरू झाली. एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "आमच्या गल्लीला लाल दिऊ नका. पोरीला बघाय पाव्हणं येनार हाईत. कार्य उरकलं की खुशाल लाल करा!"

"अहो, पण तोवर उंदीर थांबतील का?"

"तुमी सांगा की त्यास्नी! तुमची वळख हाय."

*

तुलनेसाठी उंदीर नसलेली एक जागा हवी होती, म्हणून तासगावच्या आबांच्या बेदाण्याच्या शेडवर गेलो. गोड वासाने जीव सुखावला. आबांनी ओंजळभर बेदाणे हातावर ठेवले आणि मिशीवर ताव देत म्हणाले, "आमच्यात उंदीर? शेपटी बी दिसायची न्हाई!"

"कारण काय असेल, आबा?"

"सांगलीचं उंदीर ते! त्यास्नी हिकडचा रस्ता कुठं ठावं हाय?"

*

रोजचा शेवटचा चहा सलीमच्या घरच्या बेकरीत व्हायचा, दिवसभराचे किस्से सांगत. त्याची अम्मी, म्हणजे आमची चाची, भट्टीतली गरम खारी थेट हातावर ठेवायची. चाची आता नाही. खारी कुठेही मिळते, पण ताटलीत मिळते, तिच्या हातून नाही.

नकाशा पुरा होत आला तेव्हा एक गोष्ट दिसली. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं की गटारं भरणार, उंदीर वर सरकणार, आणि त्यांची वाट थेट चाचीच्या मागच्या भिंतीशी येत होती. सलीमचे अब्बा गेल्यापासून सगळं घर त्या भट्टीवर चालायचं. पिठात उंदीर शिरले की गिऱ्हाईक तुटणार, भट्टी विझणार.

मॅडम म्हणाल्या, "इथे पिवळा देऊ या का?"

सलीमने लाल पेन उचललं. "दुसऱ्यांच्या गल्ल्या लाल केल्या मॅडम, माझी का सोडायची?"

आता चाचीला सांगायचं कुणी? मॅडम स्वतः गेल्या. तोंड उघडतात तोच चाचीने बोट ओठांवर ठेवलं. मॅडमनी एकदा आमच्याकडे बघितलं, मग खाली वाकून चाचीच्या कानात सगळं सांगितलं. मागचं भोक सिमेंटनं बुजवा, पीठ पत्र्याच्या पिंपात ठेवा, हेही कानातच!

चाचीचा चेहरा उतरला. मग पदर खोचून उठली आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून ओरडली, "व्हय व्हय म्याडम! यंदा आमी पीठच भरनार न्हाई! खायाचं समदं तासगावला हाय! बेदान्याच्या शेडात!"

आणि मॅडमकडे बघत राहिली.

आमच्या विज्ञानवाल्या मॅडमनी चष्मा सारखा केला, घसा खाकरला आणि भिंतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "हो ना! तासगावला फार माल आहे!"

पाऊस झाला. पाणी चढलं. शेजारच्या गल्ल्यांत नकाशाबरहुकूम उंदीर आले. चाचीच्या बेकरीतल्या फरशीवर मात्र काजळी जशीच्या तशी!

एका सकाळी आम्ही तिथेच खारी खात होतो आणि मॅडमचा फोन वाजला. आबांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "म्याडम, आमच्या शेडात उंदीर कुठनं आलं वो? कुनी पत्ता दिल्यागत सरळ आल्यात!"

मॅडमनी चाचीकडे बघितलं. चाची खारी मोडत होती. मॅडमनी मागच्या भिंतीकडे पाठ केली, फोनवर हाताचा आडोसा धरला आणि कुजबुजल्या,

"आबा, हळू बोला."