पाणकराची लक्षवेधी

मतमोजणी झाली आणि बाबा आमदार झाले. पंधरा दिवसांनी आम्ही दोघं गोंदियाहून मुंबईच्या गाडीत बसलो. माय आली नाही. धान कापायचं होतं.

स्टेशनवर गावातले लोक हार घेऊन आले होते. बाबा कित्येक वर्षं गावच्या तलावाचे पाणकर होते. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी पाणी जाईल, हे ते ठरवायचे. इटियाडोह धरणाचा कालवा आमच्याकडे पोचत नाही, सगळं धान त्या तलावावर. पाणी सोडायच्या तोंडाला आम्ही तुडुम म्हणतो. खिडकीशी श्रावणकाका ओरडले, "काऊन गा आमदारसाहेब, आता तुडुम कोन उघडन? तुमचा पीए?" सगळे हसले. बाबांनी गळ्यातला हार काढून काकांच्या गळ्यात घातला. "तूच उघड. पन आपली बांधी शेवटी भरजो."

पाणकराची रीत तीच होती. आधी गावाच्या बांध्या, मग स्वतःची. पाऊस कमी पडला की आमची बांधी कोरडी राहायची आणि माय दिवसभर भांडी आपटायची.

मुंबईत आमदार निवासातल्या खोलीत राहून मी कॉलेज केलं आणि बाबांचे कागद लिहिले. तारांकित प्रश्न, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा हे शब्द मी त्यांच्याआधी शिकले. ते सभागृहात बोलायला उठले की मागच्या बाकांवरून हसू यायचं, कारण ते घरी बोलत तसंच बोलायचे.

आमच्या तलावाची पाणी अडवणारी मातीची पाळ एका जागी झिरपत होती. तिच्या दुरुस्तीची लक्षवेधी सूचना मीच लिहिली. नागपूरच्या अधिवेशनात अगदी शेवटच्या दिवशी ती कामकाजात आली. मी प्रेक्षक गॅलरीत होते. पुकारा झाला, बाबा उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, बाकीच्यांच्या होऊ द्या. माझी शेवटी घ्या."

दोन सूचना झाल्या. तिसरीवर गदारोळ झाला. सभागृह तहकूब झालं आणि त्याबरोबर अधिवेशनही संपलं.

जिन्यात मी विचारलं, "काऊन सोडली, बाबा?"

"पानकरानं आपली बांधी आंदी भरू नाई, बाई."

सूचनेचा कागद मी पर्समध्ये ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात पाळ त्याच जागी फुटली. रोवणी झालेल्या बांध्यांत रेती भरली. तोवर मी पुण्याला एका ग्रंथालयात नोकरीला लागले होते. चावडीवर लोकांनी बाबांना काय विचारलं, ते मायनं फोनवर सांगितलं: "नंबर लागला होता, तं कायले सोडला गा?" मी फोन त्यांना द्यायला सांगितला.

"ती आपली बांधी नव्हती, बाबा," मी म्हणाले. "गावाची होती."

ते म्हणाले, "माह्या ध्यानात नाई आलं."

पुढची निवडणूक ते हरले. त्यानंतर मी घरी क्वचित गेले. सुटी मिळत नाही, असं सांगायचे. गाव सोडून गेलेल्या सगळ्यांना हे वाक्य पाठ असेल, आणि मागे राहिलेल्यांना ते कधी पटलं नसेल. खरं कारण वेगळं होतं. ती सूचना मी त्यांना तीनदा वाचून दाखवली होती. त्यांची रीत मला माहीत होती. तुमचं नाव आलं की लगेच बोला, एवढंच सांगायचं माझ्या लक्षात आलं नाही. फोनवर मात्र मी त्यांनाच बोलले.

यंदा बाबा गेले. तेरवीला मी गावी गेले तेव्हा पाळ पाहिली. नंतरच्या आमदारांनी ती नव्यानं बांधून घेतली आहे. श्रावणकाका मायला म्हणाले, "वैनी, तुमच्या घरी आता पानकर नाई. नंबरानं पानी घ्या नं."

"घेईन," माय म्हणाली. "सगळ्याइचं झाल्यावर."

आता पुण्यात माझी खोली आहे, आणि तिथल्या कपाटात त्या लक्षवेधीचा कागद. गावात माय आहे. आमच्या बांधीत पाणी शेवटी येतं.