आठ महिने एकच अध्याय

पूल ओलांडला तरी जाऊबाई पंप माझ्या हातात देईनात. सासूबाईंच्या हवेच्या गादीचा पंप दुरुस्त करून आम्ही परत निघालो होतो. बसगाड्या बंद, म्हणून पायीच. पाचला शेजारीण सासूबाईंजवळून उठून जाणार, त्यामुळे जाऊबाई भराभर चालत होत्या.

"अहो, जरा दमानं."

"दम घरी खायचा. तिथं बसूनच असते की मी."

खरं होतं ते. सासूबाई अंथरुणाला खिळल्याला सहा वर्षं झाली. थोरले दीर मालट्रकवर, पंधरवड्यातून एखादी रात्र घरी. खाटेला लागून स्टूल ठेवून जाऊबाई शर्टांना काजं करतात, बटणं लावतात आणि दुपारी सासूबाईंना पोथी वाचून दाखवतात. आम्ही धाकटे वेगळे राहतो. महिन्यातून एकदा फळं घेऊन जातो, तेवढंच.

पोथीतलं सगळं आपल्याच आत घडतं, असं जाऊबाई मानतात. राक्षस आपल्यातला, देवही आपल्यातलाच. वाचलं की डोळे मिटायचे आणि ते आपल्याला घडतंय असं बघायचं. नीट दिसलं, तरच पान उलटायचं. याने माणूस बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पूर्वी त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

पण बंदिशाळेच्या अध्यायावर गाडी अडली. देव जन्मतो, बेड्या गळतात, दारं आपोआप उघडतात, तो अध्याय. आठ महिने तोच चालू होता.

"दार उघडलेलं दिसत नाही का तुम्हाला?" मी विचारलं.

"दिसतं की. मी बाहेरही पडते." त्या थांबल्या. पंप छातीशी धरलेला. "आणि मागं वळून कडी घालते. आत त्या, खाटेवर. रोज घालते गं, रोज."

मी म्हटलं, "असू दे. पान उलटा नि मोकळ्या व्हा."

"खोटंच उलटू? आणि हाती घेतलेली पोथी मध्येच सोडायची नाही, हे आईनं लहानपणीच बजावलंय. पुढं जाता येत नाही, उठता येत नाही. त्यात काल त्या म्हणतात, 'अगं, त्या बाळाला टोपलीत घालून कधी नेणार? आठ महिने बापाला उभं करून ठेवलंयस! माझं बोलावणं आधी आलं, तर?'"

आम्ही दोघी हसलो. त्यांचं हसू लवकर संपलं.

"त्यांचा काय दोष?" त्या म्हणाल्या. "खरंच आलं बोलावणं तर माझ्यापायी त्यांचं ऐकायचं राहून जाईल."

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. त्यांनी माझं मनगट धरलं.

"गुरुवारी येशील? पुढचा अध्याय तू वाच त्यांना. मी स्वयंपाकघरात दार लावून बसते. फक्त हळू वाच बाई, मला ऐकू येऊ देऊ नकोस. माझं अजून व्हायचंय."