हंबीररावांचं मॅनेज

हंबीररावांना इंग्रजी शब्द एकच येत होता आणि तो त्यांनी म्हशीसारखा पिळून काढला होता. मॅनेज. लग्नाला मांडव मिळाला नाही, मॅनेज. नवरीचा बाप रुसला, मॅनेज. तालमीच्या अध्यक्षपदासाठी दुसऱ्याचं नाव पुढं आलं, तर त्या माणसालाच मॅनेज. बायको चार दिवस अबोला धरून शेवटी बोलली, तरी मंगळवार पेठेत चहा पिताना सांगायचे, "केलं मॅनेज." तालमीत उतरायला लंगोट मात्र जन्मात लावला नाही. कडक इस्त्रीचा शर्ट मळला असता.

मराठीत एम.ए. झालेल्या प्रसेनजीतला आधी याची गंमत वाटायची. हंबीररावांचा मुलगा धैर्यशील त्याचा जिवलग मित्र. धैर्यशील वर्षभर पहाटे जोर मारत होता. मुरगूडच्या कुस्ती मैदानात हातकणंगल्याच्या आकारामशी त्याची जोड लागली होती.

"ही मारली की हंबीररावाचं पोरगं म्हणून वळखणार न्हाय कोण मला," तो म्हणायचा.

कुस्ती चटकन संपली. धैर्यशीलनं पट काढला आणि आकारामची पाठ मातीला लागली. हलगी कडाडली. धैर्यशील कडेला आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"अंग सोडलं त्यानं," तो प्रसेनजीतला म्हणाला. "हाताला कळतंय की."

हंबीरराव शेजारीच उभे होते. प्रसेनजीतनं चाचरत विचारलं, "काका, तुम्ही काही..."

"मॅनेज केलंय. बाप कशाला हाय मग?"

आवाजात लाज नव्हती. उपकार होता. 

धैर्यशील पुन्हा मातीत उतरला. पंचांनी पुढं केलेला फेटा त्यानं घेतला नाही.

"ही कुस्ती खरी न्हाय. परत लावा."

हलगी थांबली. आकारामनं मान खाली घातली. पंच एकमेकांकडं बघू लागले. तेवढ्यात हंबीरराव चप्पल काढून आत शिरले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"मंडळी, पोराचं काळीज बघा. पडलेल्या गड्याला अजून एक डाव द्या म्हणतोय."

टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी हसत धैर्यशीलच्या डोक्याला फेटा गुंडाळला. तो ओरडून काही सांगत होता, पण हलगी पुन्हा सुरू झाली होती. पंचांनी पुढची जोड पुकारली. हंबीररावांनी मुलाचं मनगट घट्ट धरून वर उचललं आणि फोटोवाल्याकडं तोंड केलं.